शाल, श्रीफळ आणि अडीचशे मीटर

दोन वर्षांपूर्वी पश्चिम उपनगरातल्या एका सभागृहात सत्कार समारंभाला गेलो होतो. सत्कारमूर्तींत एक तरुण सायकलपटू होता. डावा पाय गुडघ्याखाली नाही, कृत्रिम पायावर चालतो, ट्रॅकवर सायकल मारतो. त्याची ओळख करून देताना निवेदिकाबाईंनी 'जिद्द' हा शब्द चार वेळा वापरला, 'प्रेरणा' पाच वेळा आणि 'नियतीवर मात' एकदा. मी मोजत बसलो होतो, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मग माईक त्या पोराच्या हाती आला. नमस्कार करून तो म्हणाला, "यंदा राष्ट्रीय स्पर्धेत माझा किलो गेल्या वर्षीपेक्षा दीड सेकंदाने सुधारला." आणि थांबला. आपण मोठी गोष्ट सांगितली आहे, आता लोक 'अरे वा' म्हणतील, अशा बेताने थांबला. सभागृह गप्प. किलो म्हणजे काय आणि दीड सेकंद म्हणजे थोडा की फार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं! अखेर पुढच्या रांगेतल्या कोणीतरी वेळ सांभाळून टाळ्या सुरू केल्या, बाकीच्यांनी त्या उचलल्या. शाल, श्रीफळ, फोटो.

तो दीड सेकंद माझ्या डोक्यातून गेला नाही. क्रिकेटमध्ये कोणी चौऱ्याण्णववर बाद झाला तर या शहरातला पानवालाही हळहळतो, कारण चौऱ्याण्णव म्हणजे काय ते त्याला कळतं. या पोराचं आम्ही भरभरून कौतुक केलं, पण त्याच्या खेळातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. दिव्यांग खेळाडूंवर आपण माया करतो आणि त्यांचा खेळ बघायचं टाळतो, असं माझं म्हणणं आहे. मुंबईपुरतं बोलायचं तर ट्रॅक सायकलिंग बघायची सोयच नाही. या महानगरात एकही वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा खास ट्रॅक, नाही.

तर किलो. एक हजार मीटरची शर्यत, एकट्याने, घड्याळाशी. अडीचशे मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. ट्रॅक लाकडी पट्ट्यांचा आणि वळणावर चाळीस अंशांहून जास्त उभा. खालून पाहिलं तर भिंतच वाटते. सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच असतो आणि पॅडल मोकळं सुटत नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. सुरुवातीला मागचं चाक स्टार्ट गेटच्या पकडीत असतं. उलटी मोजणी शून्यावर आली की पकड सुटते आणि जागच्या जागी उभी सायकल निव्वळ पायाच्या जोरावर हलवायची. एक पाय कृत्रिम असेल, किंवा नसेलच, तर हे पहिलं पॅडल म्हणजे काय प्रकरण असेल याची कल्पना करा. सुरुवातीला घालवलेला दशांश सेकंद पुढच्या चार फेऱ्यांत भरून काढणं फार कठीण.

२०१२च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये ब्रिटनच्या जोडी कंडीचं नेमकं इथेच बिनसलं. बीजिंगमध्ये त्याने किलोचं सुवर्ण जिंकलं होतं. लंडनमध्ये सुटतानाच चाक घसरलं. त्याचं म्हणणं, गेटमध्ये दोष होता. पंचांना ते पटलं नाही आणि त्यांनी पुन्हा सुरुवात करू दिली नाही. कंडी भर वेलोड्रोममध्ये ओरडला, त्याने शिव्या दिल्या आणि मग प्रेक्षकांची माफी मागितली. मला हा प्रसंग फार आवडतो. चार वर्षांची मेहनत पंचांच्या एका निर्णयात गेलेल्या खेळाडूचा तो संताप होता. त्या घटकेला कोणी त्याला प्रेरणास्थान म्हटलं असतं तर त्याने पाण्याची बाटली फेकून मारली असती.

दिव्यांगांच्या सायकलिंगचा कारभार २००७पासून यूसीआयकडे, म्हणजे सगळ्या सायकल खेळाची सूत्रं हलवणाऱ्या जागतिक संघटनेकडे आहे. हँडसायकल आणि तीनचाकी फक्त रस्त्यावर धावतात. ट्रॅकवर दोनच गट. साधी दोनचाकी चालवणाऱ्यांचा सी गट, सी-१ ते सी-५. आकडा जितका लहान तितकी शरीराची अडचण मोठी. आणि दृष्टिहीनांचा बी गट, टँडमवर, म्हणजे दोघांच्या सायकलवर. पुढे डोळस पायलट, मागे दृष्टिहीन स्टोकर. अंतरं जवळपास तीच, घड्याळही तेच. ब्रेक नसल्याचा एक फायदा मला फार उशिरा लक्षात आला. रस्त्यावरच्या सायकलला दोन हातांनी दाबायचे दोन ब्रेक असतात. एका हाताच्या माणसाची तिथूनच तारांबळ सुरू होते. ट्रॅकच्या सायकलवर ब्रेक कोणालाच नसतो.

खरी गंमत निकालाच्या फलकावर. पॅरालिंपिकमध्ये सी-१, सी-२ आणि सी-३ यांची किलोची शर्यत एकत्र होते. मग सी-१ आणि सी-३ यांची तुलना कशी करायची? प्रत्येक वर्गाला एक गुणांक ठरलेला असतो. प्रत्यक्ष वेळेला त्या गुणांकाने गुणायचं आणि आलेल्या वेळेवर क्रमांक लावायचे. टोकियोमध्ये चीनच्या ली झांगयूने, सी-१मधला असूनही, वरच्या वर्गांतल्यांना मागे टाकून सुवर्ण नेलं ते याच हिशेबाने. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे अजब वाटतं. घड्याळात मागे असलेला माणूस पहिला कसा? पण हा गुणांक दयेपोटी दिलेला नाही. आकडे तपासून तो ठरवतात, त्यावर देशोदेशीचे प्रशिक्षक कडाकडा भांडतात, वर्गीकरणावर आक्षेप घेतले जातात, फसवाफसवीचे आरोपही होतात. म्हणजे इतर कुठल्याही खेळात होतं ते सगळं. तुझी अडचण इतकी, म्हणून तुझ्या वेळेचं मोल इतकं, आता जोर लाव, असं हे गणित खेळाडूला सांगतं. आपल्या सत्कारांत असं गणित कोणी करतच नाही. तिथे पहिला आणि अकरावा दोघांच्या शालीची किंमत सारखीच.

२०२३मध्ये ग्लासगोला सायकलच्या बहुतेक सगळ्या प्रकारांच्या जागतिक स्पर्धा एकत्र झाल्या. तेव्हा दिव्यांगांच्या ट्रॅक शर्यतीही बाकीच्यांच्या शर्यतींबरोबर, त्याच सर क्रिस हॉय वेलोड्रोममध्ये घेतल्या. तिकीट काढून आलेल्या माणसाने जगज्जेत्या स्प्रिंटरची शर्यत पाहिली आणि टँडमचीही पाहिली. आपल्याकडे दिव्यांगांच्या स्पर्धेला बहुधा वेगळा दिवस, वेगळं मैदान आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईवडील.

भारताचं सांगायचं तर पॅरिसला २०२४मध्ये आपण २९ पदकं जिंकली, सायकलिंगमध्ये एकही नाही. तरी पॅरालिंपिकच्या सायकल शर्यतीत भारतीय उतरले ते पहिल्यांदा तिथेच. आंध्रचा अर्शद शेख आणि आपल्या भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया. ज्योतीने पाय गमावला रस्त्यावरच्या अपघातात, आणि तिची तयारी झाली हैदराबादच्या आदित्य मेहता फाउंडेशनमध्ये. मेहता स्वतः मांडीपासून पाय गमावलेले सायकलपटू. महाराष्ट्राच्या मुलीला घडवायला तेलंगणातली एक खाजगी संस्था लागली. मुरलीकांत पेटकरांनी १९७२मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण जिंकलं. ते सांगलीकडचे. पॅरिसला गोळाफेकीत रौप्य जिंकणारा सचिन खिलारीही सांगलीचाच. ही नावं आपण भाषणात छाती फुगवून घेतो. पण पन्नास वर्षांत व्यवस्था म्हणून काय उभं केलं, असं विचारलं तर भाषण तिथेच आवरावं लागेल.

आता मुंबई. या शहरात लोकलच्या मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. जे वाचतात त्यांतले कित्येक हात किंवा पाय देऊन वाचतात. म्हणजे सी गटात बसतील अशी माणसं हे शहर वर्षभर तयार करत असतं. हे वाक्य क्रूर वाटेल, पण खरं आहे. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक उपचार आणि पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५पासूनची. तिथे कृत्रिम पाय बसवतात, चालायला शिकवतात. तिथून पुढे वरळीला दृष्टिहीनांसाठी काम करणारी 'नॅब' ही संस्था, ताडदेवला आणि दादरला शंभर वर्षांहून जुन्या अंधशाळा. म्हणजे पाय देण्याची सोय आहे, डोळ्यांशिवाय जगायला शिकवण्याचीही आहे. त्या पायाने जोर लावून कुठे वेगाने जायचं असेल तर मात्र पुढे रस्ता नाही.

रस्ता नाही हे अगदी शब्दशः. सी लिंकवर सायकलला मज्जाव, अटल सेतूवर मज्जाव, कोस्टल रोडवर मज्जाव. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक उच्च न्यायालयाने २०२२मध्ये बेकायदा ठरवला, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने ते बरोबरच झालं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायकल मार्गावर गाड्या उभ्या राहू लागल्या. पुढे गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचा म्हणून तो मार्गच काढून टाकायचं ठरलं. एके काळी याच मुंबईतून अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण १९२३मध्ये सायकलवर निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८मध्ये परतले. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' कोण, यावर चाळीचाळींत पैजा लागत. आज दोन धड पायांचा माणूसही पहाटे पाचच्या आत बाहेर पडला तरच चार किलोमीटर नीट सायकल मारू शकतो. टँडमवर मागे बसलेल्या दृष्टिहीन मुलीला घेऊन सायन सर्कलला वळण घेऊन बघा.

म्हणून मला वाटतं, बंदिस्त ट्रॅक ही मुंबईत चैन नव्हे. खड्डा नाही, रिक्षा नाही, चार महिन्यांचा पाऊस नाही. रस्त्यावर सायकल चालवणं या शहराने जवळपास अशक्य केलं आहे. मग सायकलला निदान छपराखाली अडीचशे मीटर तरी द्या. वेलोड्रोमला जागाही काही अफाट लागत नाही. आणि जागेवरून कोणी मुंबईला गरीब म्हणू नये. वानखेडे आणि ब्रेबॉर्न ही दोन मोठी क्रिकेट मैदानं एकमेकांपासून एक किलोमीटरच्या आत आहेत. ब्रेबॉर्न असताना वानखेडे का झालं? तिकिटांच्या वाटपावरून दोन संस्थांचं बिनसलं म्हणून. आणि ते उभं राहिलं जेमतेम तेरा महिन्यांत. जानेवारी १९७५मध्ये तिथे कसोटीही झाली. मुंबईकराच्या मनात आलं की काय होतं याचं मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो दिल्लीचा. राष्ट्रकुल स्पर्धांसाठी २०१०मध्ये बांधलेला इंदिरा गांधी संकुलातला वेलोड्रोम पुढे ओस पडला, असं म्हणतात. पडलाही होता. पण पुढे तिथे राष्ट्रीय सायकलिंग अकादमी सुरू झाली, अंदमानातून आणि मणिपुरातून मुलं आली, आणि २०१९मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट (ओडर) इथे एसो अल्बेन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांनी कुमार गटात सांघिक स्प्रिंटचं जागतिक सुवर्ण आणलं. लाकडाला पालवी फुटायला नऊ वर्षं लागली. २०२४च्या फेब्रुवारीत आशियाई ट्रॅक स्पर्धा त्याच दिल्लीत झाल्या, सोबत दिव्यांगांच्याही. वेलोड्रोम नसता तर त्या बँकॉकला किंवा क्वालालंपूरला झाल्या असत्या.

ब्रिटनची सायकलपटू सारा स्टोरी हिचं उदाहरण मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. जन्मापासून डाव्या हाताला पंजा नाही. ती आधी जलतरणपटू होती, १९९२च्या बार्सिलोनात सुवर्ण जिंकलेली. २००५मध्ये कानाच्या दुखण्याने पाण्यापासून दूर राहावं लागलं, तेव्हा व्यायाम सुटू नये म्हणून ती सायकलवर बसली. पॅरिसपर्यंत तिची पॅरालिंपिक सुवर्णपदकं १९ झाली. यात तिची जिद्द आहेच, पण ती मँचेस्टरची आहे आणि मँचेस्टरमध्ये १९९४पासून वेलोड्रोम होता. दादरच्या तलावात पोहणाऱ्या एखाद्या मुलीचा कान उद्या दुखला तर ती कुठे जाईल? फार तर घरी बसून मोबाइलवर स्टोरीचा व्हिडिओ पाहील.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो दिव्यांगांकडूनच येतो. माझ्या ओळखीच्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या एका बाईंना मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी मला फलाटावरून डब्यात चढता येऊ दे, मग तुमचं ते लाकडी भांडं बांधा." यावर माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. त्यांची व्हीलचेअर ट्रॅकवर येणार नाही, हेही खरं. ट्रॅकच्या चांगल्या सायकलीला लाखांत पैसे पडतात आणि हा खेळ मुळातच थोड्यांचा आहे, हेही खरं. तरी 'आधी' या शब्दाची मला भीती वाटते. आधी फुटपाथ, आधी लिफ्ट, आधी शौचालय. यांतलं एकही पूर्ण होत नाही आणि खेळ कायमचा रांगेच्या शेवटी राहतो. बावीस वर्षांच्या सायकलपटूच्या उमेदीच्या काळात मोजकीच पॅरालिंपिक येतात. फुटपाथ दुरुस्त व्हायची वाट बघत त्याने चाळिशी गाठायची का? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी स्वतंत्र कलम आहे, तिसावं. दिव्यांगांचा खेळातला सहभाग आणि त्यासाठी लागणाऱ्या सोयी ही जबाबदारी ते सरकारवर टाकतं. फुटपाथ झाल्यानंतरच, अशी अट त्या कलमात नाही. त्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग दोन्ही मागा." बरोबर आहे. दोन्ही मागू.

जागा कुठे? महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जमीन महापालिकेला मिळाली तेव्हा माझ्याही मनात आलं होतं. हाजीअलीची संस्था समोर, नॅब जवळ. पण मोकळ्या जागेवर काँक्रीट ओतू नका, असं म्हणणाऱ्या मुंबईकरांशी मला भांडायचं नाही. छपराचा वेलोड्रोम म्हणजे बांधकामच. मला विचाराल तर कांदिवली. साईचं, म्हणजे केंद्राच्या क्रीडा प्राधिकरणाचं संकुल तिथे आधीपासून आहे, जमीन खेळासाठीच आहे, आणि मेट्रोचं आकुर्ली स्थानक त्या भागात आहे. मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहे, डबा फलाटाच्या पातळीत आहे, जमिनीवर दृष्टिहीनांसाठी उंचवट्याच्या फरशा आहेत. व्हीलचेअरवाल्या त्या बाईसुद्धा शर्यत बघायला येऊ शकतील.

आणि ते होईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. पुण्यात बालेवाडीला ट्रॅक आहे. महिन्यातून दोन शनिवार-रविवार मुंबईच्या दिव्यांग सायकलपटूंना, त्यांच्या सायकलींसह, तिथे नेणारी एक बस सुरू करायला किती पैसे लागतात? एका मोठ्या नागरी सत्काराच्या मांडवाला लागतात त्याहून कमीच असावेत. टँडमसाठी पायलट हवेत, तेही इथे उदंड आहेत. दर रविवारी पहाटे लाखा-दीड लाखाच्या सायकली घेऊन मरीन ड्राइव्हला येणारे वकील, डॉक्टर, संगणकवाले. त्यांतल्या दहा जणांनी वरळीच्या दहा दृष्टिहीन मुलांना मागे बसवलं तर बी गटाचं पथक सुरू होईल. पायलटला उपकार केल्यासारखं वाटायचंही कारण नाही. स्कॉटलंडच्या क्रेग मॅकलीनला सिडनी ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळालं होतं. लंडन पॅरालिंपिकमध्ये अँथनी कॅप्सचा पायलट होऊन त्याने सुवर्ण मिळवलं. पदक दोघांनाही देतात. फक्त पायांत जोर हवा, आणि मागे बसलेल्याची कीव करायला फुरसत नको.

त्या समारंभानंतर चहाच्या टेबलाशी मी त्या पोराला गाठलं. शाल घडी घालून त्याने पिशवीत कोंबली होती, नारळ आईच्या हातात होता. मी म्हटलं, "दीड सेकंद म्हणजे बरंच आहे का रे?" त्याचा चेहरा उजळला. बशीच्या कडेवर बोट फिरवत त्याने मला चारही फेऱ्या समजावल्या. कुठे उभं राहून पॅडल मारायचं, कुठे खाली बसायचं, शेवटच्या फेरीत मांडी पेटते तेव्हा नजर कुठे ठेवायची. "पण काका, अजून एक सेकंद सुरुवातीत जातो," म्हणाला. "गेटमधून सुटायचा सराव नाही ना."

"मग करतोस काय?"

"आमच्याकडे उड्डाणपुलाखाली पहाटे जागा मोकळी असते. मोठा भाऊ सीट धरून मागे उभा राहतो आणि मोजतो. पाच, चार, तीन. पण तो शून्याच्या आधीच सोडतो. त्याला वाटतं, मी पडेन."